बडोद्यातल्या आखाड्यांनी ओपनचे तीन आठवडे आपल्या अंगणात घ्यावेत: विश्वस्त, वस्ताद आणि जिमचालकांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील व्यायामशाळा व आखाड्यांचे विश्वस्त, वस्ताद, आणि शहरातील जिमचे चालक व प्रशिक्षक

स. न. वि. वि.

वजने, जिम्नॅस्टिकच्या हालचाली आणि दम यांची मिळून कसरत म्हणजे क्रॉसफिट, त्याची जागतिक स्पर्धा म्हणजे क्रॉसफिट गेम्स, आणि गेम्सच्या पात्रता हंगामाची पहिली पायरी म्हणजे ओपन. गेली काही वर्षे ती फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होते आणि तीन आठवडे चालते. दर आठवड्याला एक कसरत ऑनलाइन जाहीर होते, ती करून गुण ऑनलाइनच भरायचे. जगातल्या कोणालाही नाव नोंदवता येते. वय १४ पुरे असावे आणि प्रवेश शुल्क भरावे, बाकी अट नाही. बडोद्यातली मुलेमुली दरवर्षी नाव नोंदवतात, पण करतात कुठे, तर गच्चीवर, पार्किंगमध्ये, नाहीतर जिमच्या कोपऱ्यात ट्रेडमिलच्या दोन रांगांमध्ये. त्यांचे गुण बाद होतात किंवा कापले जातात. तब्येतीत ती कमी पडतात म्हणून हे होत नाही. बार हलका निघतो, अंतर चुकते, व्हिडिओत नितंब दिसत नाही, म्हणून होते. जागा आणि शिस्त या दोन गोष्टी तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने आणि प्रो. माणिकरावांच्या परंपरेने घालून दिलेली तालमीची शिस्त या शहराला कोणी नव्याने शिकवायची नाही. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आधी नावाचा प्रश्न, कारण विश्वस्तांच्या बैठकीत तोच पहिला निघेल. क्रॉसफिट हे नाव फलकावर लावायला परवाना लागतो. प्रशिक्षकाकडे लेव्हल १ चे प्रमाणपत्र हवे, वर वार्षिक शुल्क भरावे लागते. २०२४ मध्ये ते ४,५०० डॉलर झाले. आखाड्याने हा खर्च करावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. परवाना नसलेल्या जागेत ओपन करायला बंदी नाही. फरक एवढाच की परवानाधारक ठिकाणी नोंदणीकृत जजसमोर केलेले गुण तिथला व्यवस्थापक मंजूर करतो, आणि इतरत्र केलेल्या गुणांसाठी स्पर्धकाला अखंड व्हिडिओ द्यावा लागतो. तेव्हा फलक नको, पत्रक नको, गेटवर बॅनर नको. तीन रविवार सकाळी जागा द्या. जज व्हायचे तर ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो तुमच्यातल्या दोघातिघांनी करावा. आखाड्यातल्या कामासाठी तो सक्तीचा नाही, पण तो केलेला माणूस कुठे बघायचे ते शिकून येतो.

वेळापत्रकाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. कसरत जाहीर होते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या गुरुवारी दुपारी १२ वाजता, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे १:३०. गुण भरण्याची मुदत तिकडच्या सोमवारी संध्याकाळी ५ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी ६:३०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळे एक तास पुढे जातात आणि आपली मुदत पहाटे ५:३० वर येते. २०२५ मध्ये हा बदल ९ मार्चला झाला, नेमका दुसऱ्या कसरतीच्या मध्ये. ती शुक्रवारी पहाटे १:३० लाच जाहीर झाली, पण मुदत मात्र मंगळवारी ५:३० ला संपली. "सकाळी उठून भरतो" म्हणणाऱ्याचा आठवडा असा जातो. रविवारी सकाळी कसरत, रविवारी रात्रीच गुण भरणे, सोमवार अडचणीसाठी राखीव, असेच ठरवा.

याच तीन आठवड्यांत गुजरात बोर्डाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि काही वर्षी होळी-धुळेटीही येते. १४-१५ आणि १६-१७ या वयोगटांतल्या मुलांना पेपर सांभाळून रविवारचीच वेळ सोयीची. ज्याचा सोमवारी गणिताचा पेपर आहे, त्याला आग्रह करू नये. ३५ पासून पुढे पाचपाच वर्षांचे वयोगट आहेत. तालमीत रोज येणारे पन्नाशीचे काका-काकू या गटांत खरोखर चांगले उतरतील. हालचाली सोप्या करून घेणारा स्केल्ड गट आहे आणि अपंग खेळाडूंसाठी वेगळे विभागही आहेत.

आता वजनांकडे वळू. सर्वात जास्त गुण इथेच वाया जातात.

ओपनची वजने पौंडांत ठरलेली असतात आणि किलोतले आकडे सोबत दिलेले असतात. २०२५ ची दुसरी कसरत घ्या, जी २०२२ च्या तिसऱ्या कसरतीचीच पुनरावृत्ती होती: १२ मिनिटांत २१ पुल-अप, ४२ डबल-अंडर (एका उडीत दोरी दोनदा पायांखालून), २१ थ्रस्टर (बार खांद्यावर धरून बैठक, उठताना तो डोक्यावर), मग १८ चेस्ट-टू-बार (छाती बारला टेकवायचा पुल-अप), ३६ डबल-अंडर, १८ थ्रस्टर, मग १५ बार मसल-अप (लटकून थेट बारच्या वर चढणे), ३० डबल-अंडर, १५ थ्रस्टर. बारचे वजन पुरुषांना ४३, ५२, ६१ किलो आणि स्त्रियांना २९, ३४, ३८ किलो असे चढत जाते. आपल्याकडच्या जिममध्ये प्लेट असतात २.५, ५, १०, १५, २० च्या. २० किलोच्या बारवर ४३ करायला प्रत्येक बाजूला ११.५ हवेत. ते जमत नाही म्हणून कोणी दोन्हीकडे दहा-दहा लावून ४० वर भागवतो आणि गुण बाद होतात. कोणी १२.५ लावून ४५ करतो. तो नियमात बसतो, पण प्रत्येक थ्रस्टरला दोन किलो फुकट उचलतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्याची किंमत मोजतो.

उपाय स्वस्त आहे. ०.५, १, १.५ आणि २ किलोच्या लहान प्लेटची एकेक जोडी आखाड्याने घ्यावी. मग पुरुषांचा बार १० अधिक १.५, नंतर १५ अधिक १, नंतर २० अधिक ०.५ असा नेमका लागतो. स्त्रियांच्या १५ किलोच्या बारवर आधी ५ अधिक २, मग त्यात २.५ ची भर, मग आणखी २ ची. शेवटच्या टप्प्याला २ च्या दोन जोड्या लागतात, तेव्हा २ च्या दोन जोड्याच घ्याव्यात. डेडलिफ्टचे, म्हणजे बार जमिनीवरून उचलून सरळ उभे राहण्याचे, पुरुषांचे १०२ किलो म्हणजे प्रत्येक बाजूला ४१: वीसच्या दोन आणि एकची एक. पुढच्या टप्प्याच्या प्लेट बारच्या टोकाशी आधीच मांडून ठेवाव्यात, नाहीतर शोधाशोधीत अर्धे मिनिट जाते.

पण बार खरोखर २० किलोचा आहे का? इकडे मिळणारे पुष्कळसे सात फुटी बार २० म्हणून विकले जातात आणि काट्यावर १७-१८ भरतात. ओतीव लोखंडाच्या प्लेटही छापील वजनापेक्षा कमी-जास्त असतात. धान्याच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा एक दिवस मागून आणा. प्रत्येक बार, प्रत्येक प्लेट, प्रत्येक डंबेल तोला आणि खरे वजन ऑइल पेंटने त्यावरच लिहा. प्लेट अडकवायचे कॉलरही तोला. हे काम एका दुपारचे आहे आणि वर्षभर पुरते. जुन्या तालमीतला एक इंची रॉड मात्र ओपनसाठी वापरू नये. त्याची टोके फिरत नाहीत, त्यामुळे क्लीन (बार जमिनीवरून खांद्यावर) आणि स्नॅचला (थेट डोक्यावर) सगळा पीळ मनगटावर येतो. जमिनीवरून उचलायच्या हालचालींना ४५० मिलिमीटर व्यासाच्या प्लेट हव्यात. लहान प्लेट लावली की बार खाली बसतो, पाठ जास्त वाकते आणि पंचवीस डेडलिफ्टमध्ये कंबर धरते.

ठरलेली इतर साधने अशी: डंबेल पुरुषांना २२.५ आणि स्त्रियांना १५ किलो. बॉक्स २४ आणि २० इंच. वॉल-बॉल, म्हणजे बैठकीतून उठत भिंतीवर फेकायचा चेंडू, पुरुषांना ९ किलोचा १० फुटांवर आणि स्त्रियांना ६ किलोचा ९ फुटांवर. बॉलचा मध्य त्या उंचीवर किंवा वर लागला पाहिजे. म्हणून भिंतीवर रेघ मारताना जमीन सपाट आहे का ते बघा. अंगणाला पाण्याच्या निचऱ्यासाठी उतार असतो आणि तेवढ्यात दोन इंचांचा फरक पडतो.

अंतरे टेपनेच मोजावीत. २०२५ च्या पहिल्या कसरतीत १५ फूट जाऊन १५ फूट परत असे वॉकिंग लंज (एकेक गुडघा जमिनीला टेकवत चालणे) होते. फरशी दोन फुटी आहे असे धरून साडेसात फरश्या मोजण्याची सवय सर्रास आहे. फरशी २३.५ इंचांची निघाली की पट्टी जवळजवळ चार इंच आखूड होते, आणि व्हिडिओ तपासणारा माणूस टेप दाखवा म्हणतो. कसरत सुरू होण्याआधी कॅमेऱ्यासमोर टेप लावून पूर्ण अंतर दाखवायचे, मगच घड्याळ सुरू करायचे. वॉल वॉकसाठी (पाय भिंतीवर चढवत हातांवर उलटे होणे) भिंतीपासून १० इंचांवर चिकटपट्टी. ताज्या चुन्याची भिंत टाळावी. हात-पाय पांढरे होऊन घसरतात आणि सगळा भार मानेवर जातो.

कुस्तीच्या हौद्यात बारबेल नेऊ नये, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. शेजारच्या पक्क्या जागेवर प्लायवूड आणि त्यावर १५ ते २० मिलिमीटर जाडीची रबर मॅट, दर स्पर्धकाला आठ बाय आठ फूट. दोन लेन पुष्कळ झाल्या. चार लेन लावण्याचा मोह होतो, पण चार जज आणि चार कॅमेरे सांभाळायला जी माणसे लागतात ती पहिल्या वर्षी मिळत नाहीत.

सिंगल बारकडे बारकाईने बघा. तालमीतला बार बहुधा जाड पाण्याच्या नळाचा असतो आणि त्यावर दरवर्षी रंगाचा एक हात चढलेला असतो. हात पुरता वळत नाही, घाम आला की निसटतो. रंग खरवडून उघडे लोखंड करा, शक्य तर ३० मिलिमीटरच्या आसपासचा बार बसवा. सरळ पुल-अपला खांब शांत असतो, पण किपिंग, म्हणजे अंगाचा झोका घेऊन पुल-अप, करताना आणि मसल-अपला तो पुढेमागे ओढला जातो. खांबाच्या बुंध्याशी माती भुसभुशीत असेल तर काँक्रीट भरल्याशिवाय कोणालाही वर चढवू नका. बारच्या वर निदान चार फूट मोकळे हवेत. पत्र्याच्या शेडची कैची आणि डोके यांची गाठ पडू नये.

रोइंग मशीन आखाड्यात नसते. अलकापुरी, अकोट्यातल्या ज्या जिममध्ये दोन-दोन मशीन आहेत, त्यांच्या चालकांना या पत्रातून मुद्दाम विनंती: एका रविवारसाठी एक मशीन द्या. कॉन्सेप्ट२ चे मशीन मधून दोन भागांत सुटते, वजन २६ किलोच्या आसपास आहे, छोट्या टेम्पोत सहज मावते. आणण्याआधी रूळ पुसा, साखळीला तेल द्या आणि पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. धूळ साचली की तोच डँपर (हवेची झडप) लावूनही ड्रॅग (पंख्याचा विरोध) कमी मिळतो आणि स्पर्धकाला वाटते आज दमच नाही. मॉनिटरवर ड्रॅग फॅक्टर बघून ठेवा आणि प्रत्येक स्पर्धकाआधी कॅलरी शून्यावर आणा. २०२५ ची तिसरी कसरत ५० कॅलरीच्या रोइंगवरच संपत होती. तिथे आकडा दिसला नाही तर आधीची सगळी मेहनत सिद्ध करता येत नाही.

व्हिडिओबद्दल जास्तच सांगायला हवे, कारण परवाना नसलेल्या जागेत तोच तुमचा पुरावा आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच अखंड चित्रण, कुठेही कापलेले नाही, वेग बदललेला नाही. स्पर्धकाने आधी नाव आणि कसरत सांगायची. मग बारवरची प्रत्येक प्लेट, बॉक्सची उंची, अंतर टेपसह दाखवायचे. चालू घड्याळ चौकटीत हवे. कॅमेरा स्पर्धकाच्या पुढून तिरपा, साधारण ४५ अंशात, कमरेच्या उंचीवर. समोरून ठेवला तर स्क्वॉटची खोली दिसत नाही, बाजूने ठेवला तर प्लेट नितंब झाकते. वाइड लेन्स वापरू नये, कडेच्या रेषा वाकतात आणि खोली ठरवता येत नाही. जजने चौकटीत राहावे, पण स्पर्धक आणि कॅमेरा यांच्या मध्ये येऊ नये. पाठीराख्यांना दोरीच्या बाहेर ठेवा. शेवटच्या मिनिटाला सगळे पुढे धावतात आणि नेमके शेवटचे रेप (आवर्तने) झाकले जातात.

फोन फ्लाइट मोडवर टाका, कारण मध्येच फोन आला की चित्रण थांबू शकते. १०८० पिक्सेलला २० मिनिटांची फाइल अडीच जीबीपर्यंत जाते, तेवढी जागा आधी मोकळी करा. उन्हात तापलेला फोन आपोआप बंद होतो, तो सावलीत ठेवा. यूट्यूबचे खाते फोन नंबरने पडताळलेले नसेल तर १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही. सोमवारी रात्री अकरा वाजता हे कळले की धावपळ होते, म्हणून फेब्रुवारीतच पडताळून घ्या. व्हिडिओ अनलिस्टेड चालतो, प्रायव्हेट चालत नाही.

आणि आता जज. आमचे ठाम मत आहे की जागेपेक्षा, साधनांपेक्षा, सगळ्यांत महत्त्वाचा तोच. शहरात "आपलाच पोरगा आहे" म्हणून ढिले मोजण्याची सवय आहे. यात त्या पोराचेच नुकसान आहे. ओपनमध्ये वर आलेल्याचा व्हिडिओ वरच्या टप्प्यावर पुन्हा तपासला जातो. चुकलेले रेप थोडे असतील तर गुण कापतात, जास्त असतील तर मोठा दंड, आणि ठरलेले मानक सरसकट मोडले असेल तर सगळे गुण बाद.

थ्रस्टर कसा बघायचा ते सांगतो. खाली: मांडी आणि धड जिथे दुमडतात ती घडी गुडघ्याच्या वरच्या कडेच्या खाली गेली पाहिजे. वर: कोपर, कंबर, गुडघे पूर्ण सरळ आणि बार शरीराच्या मध्यावर, सगळे एकाच क्षणी. आखाड्यातल्या मुलांना खालचा भाग सहज जमतो, कारण बैठकांनी नितंब पूर्ण खाली जायची सवय लावलेली असते. अडचण वर येते. बैठकांच्या वेगवान लयीत गुडघा पुरता सरळ होण्याआधीच पुढची बैठक सुरू होते, आणि तीच लय थ्रस्टरला आणि वॉल-बॉलला उतरते. बघणाऱ्याला वाटते झकास चालले आहे, आणि सलग पंधरा नो-रेप (न धरलेली आवर्तने) होतात. शिवाय बैठकीत टाचा उचललेल्या असतात. त्याने रेप बाद होत नाही, पण छातीवरचा बार पुढे ओढतो आणि कंबर दुखावते. जानेवारीपासून रोज रिकाम्या बारने वीस थ्रस्टर, प्रत्येक वेळी वर एक क्षण थांबून, एवढ्याने ही खोड जाते. दंडांचेही तसेच. झोकदार दंड काढणाऱ्याला हात सुटे करून छाती टेकवायचा पुश-अप वेगळा शिकवावा लागतो. उलट दोरीचा मल्लखांब केलेल्यांना रोप क्लाइंब वरच्या टप्प्यावर आला तर हाताची पकड आयती तयार असते.

जजने रेप मोठ्याने मोजावेत, नो-रेप ताबडतोब आणि कारणासह सांगावा: "कंबर", "खोली", "हनुवटी". वाद घालू नये. टाय-ब्रेकची वेळ कुठे नोंदवायची ते त्या आठवड्याच्या पत्रकात असते. ती राहिली की समान गुणांत स्पर्धक मागे पडतो. घरच्या माणसाने घरच्याला जज करू नये.

सुरक्षिततेवर आम्ही तडजोड मागत नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेत फोर्ट वर्थला गेम्सच्या पहिल्याच स्पर्धेत, साडेतीन मैल धावल्यानंतरच्या ८०० मीटर पोहण्यात, सर्बियाचा २८ वर्षांचा लाझार जुकिच बुडून गेला. जगातल्या सर्वोच्च पातळीवर, हजारो प्रेक्षकांसमोर हे घडले. म्हणून दर रविवारी एक माणूस असा हवा जो मोजत नाही, चित्रण करत नाही, फक्त स्पर्धकांकडे बघतो, आणि त्याला कोणालाही थांबवण्याचा अधिकार असतो.

मार्चमध्ये बडोद्यात दुपारी ऊन पस्तिशीच्या पुढे जाते आणि पत्र्याखाली त्याहून वर. साडेनऊच्या आत सगळे उरका. मोठे टब पाण्याने भरून आणि बर्फाची एक लादी तयार ठेवा. कोणी बरळायला लागला, चाल बिघडली, अंग तापले, तर आधी त्याला मानेपर्यंत थंड पाण्यात बसवा, डोके धरून ठेवा, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पंख्याखाली झोपवून लिंबूपाणी पाजत बसणे ही इथली नेहमीची चूक आहे.

दुसरा धोका दोन दिवसांनी दिसतो. महिनोन्‌महिने पुल-अप न केलेला माणूस जोशात पन्नास-साठ काढतो, स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दंड सुजून कोपर सरळ न होणे आणि लघवी चहासारखी काळपट होणे ही खूण आहे. अशा वेळी मालीश नको, शेक नको, वेदनाशामक गोळी नको, सरळ रुग्णालय. म्हणून ज्याने जानेवारीत सराव केला नाही त्याला स्केल्डमध्येच उतरवा. स्केल्डमध्ये उतरण्यात कमीपणा नाही.

ओपनच्या पुढचे टप्पे दर वर्षी बदलतात. २०१९ मध्ये प्रत्येक देशातला ओपनचा पहिला खेळाडू थेट गेम्ससाठी मॅडिसनला बोलावला गेला, भारतालाही ती वाट होती. ती पुढे बंद झाली. २०२१ पासून २०२४ पर्यंत क्वार्टरफायनल होत्या, २०२५ ला त्या काढून टाकल्या आणि गेम्स ऑल्बनीला फक्त ३० पुरुष आणि ३० स्त्रियांच्या झाल्या. तेव्हा मुलांना "अमुक टक्क्यांत आलास की पुढे" असे गेल्या वर्षीच्या माहितीवर सांगू नका. त्या वर्षाचे नियमपुस्तक जानेवारीत उतरवून घ्या आणि तालमीच्या भिंतीवर लावा.

आमची मागणी नेमकी अशी. तीन रविवार, सकाळी सहा ते साडेनऊ, दोन लेन. ज्यांची तयारी असेल त्यांनी उत्तरायण झाल्यावरच्या पहिल्या रविवारी बार आणि प्लेट काढून ठेवाव्यात. टेप, काटा आणि रंगाचा डबा घेऊन आम्ही येऊ, प्रत्येक वस्तू तोलून लिहून देऊ, आणि तुमच्यातल्या जे जज व्हायला तयार आहेत त्यांच्याकडून तिथेच थ्रस्टर, पुल-अप आणि वॉल-बॉल मोजून घेऊ. ज्या जिमना रोइंग मशीन देता येईल, त्यांनी कोणत्या रविवारी ते आधी कळवावे, म्हणजे टेम्पोची फेरी एकच लागेल.

आपले नम्र,
ओपनचे काही जज व प्रशिक्षक, बडोदे